खडीच्या चढावर गाडीची ताकद का गेली? ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं काय बघतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात खरं तर तीन प्रश्न आहेत. मोटारसायकल नवी, सिंगल सिलिंडर, उंच सस्पेन्शनची, ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरायला लागलं की इंजिनचा जोर आवरणारी सिस्टम) असलेली. सुट्या खडीच्या चढावर अर्ध्यात आल्यावर, मूठ पिळलेली असतानाही इंजिन फडफडलं, ताकद गेली आणि गाडी उभी राहिली. दुसऱ्या खेपेला तुम्ही पायथ्याशी बटण दाबून सिस्टम बंद केलीत. मध्येच इंजिन बंद पडलं, चावी फिरवून परत चालू केलंत, आणि पुन्हा तोच प्रकार. म्हणून शंका आली की काहीतरी बिघाड आहे. शिवाय विचारलंत की ही सिस्टम असली की ओल्या वळणावर गाडी पडत नाही असं सांगतात, ते खरं का.

थोडक्यात सांगतो: बिघाड बहुतेक नाही. दुसऱ्या खेपेला सिस्टम तुम्हाला वाटतं तशी बंद नव्हतीच. आणि वळणावरच्या दाव्यावर भरवसा ठेवून गाडी चालवू नका. आता कारणं सविस्तर सांगतो, कारण एकदा कारण कळलं की कुठे ही सिस्टम चालू ठेवायची आणि कुठे बंद करायची, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. मी बरीच वर्षं मोटारसायकलींचं वायरिंग, पेट्रोल इंजेक्शन आणि एबीएसचं (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी सिस्टम) काम करतो. या सिस्टमबद्दलचे निम्मे गैरसमज तिच्या नावातूनच येतात असं माझं मत आहे. नाव ऐकलं की वाटतं ही पकड देते. सगळ्याचं सोंग आणता येतं, पकडीचं आणता येत नाही. टायर आणि जमीन यांच्यात जेवढी पकड आहे तेवढीच असते. सिस्टम फक्त इंजिनचा जोर कमी करू शकते. तिच्या हातात दुसरं काहीही नाही.

जोर कधी कमी करायचा हे ती कसं ठरवते? प्रत्येक चाकाच्या मध्यभागी, ब्रेकच्या डिस्कजवळ, खाचा असलेली एक पातळ चकती दिसेल. तिच्यासमोर जेमतेम एक मिलिमीटर अंतरावर सेन्सर बसवलेला असतो. प्रत्येक खाच पुढून गेली की एक ठोका. हे ठोके मुळात एबीएससाठी मोजले जातात, ट्रॅक्शन कंट्रोल तेच उसने घेतं. पुढचं चाक फक्त घरंगळत असतं, त्याला इंजिनचा जोर नसतो, म्हणून त्याचा वेग हाच गाडीचा खरा वेग मानायचा. मागचं चाक त्यापेक्षा जास्त वेगाने फिरायला लागलं, तर ते जेवढं जास्त फिरतंय तेवढं घसरतंय. पुढचं ५० आणि मागचं ५५ च्या वेगाने फिरत असेल तर घसरण दहा टक्के.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: थोडी घसरण वाईट नसते. रबर थोडं ताणलं गेल्याशिवाय, थोडं सरकल्याशिवाय टायर पुढे ढकलूच शकत नाही. कोरड्या डांबरावर साधारण दहा ते वीस टक्के घसरणीच्या आसपास टायरचा ढकलण्याचा जोर सर्वांत जास्त असतो, आणि त्यापुढे तो घटत जातो. म्हणून सिस्टम घसरण शून्यावर आणायला बघत नाही. ती एका ठरलेल्या मर्यादेच्या आत ठेवायला बघते. ती मर्यादा किती, हे गाडी बनवणाऱ्याने कोणत्या मोडमध्ये काय लिहून ठेवलंय त्यावर अवलंबून आहे. पावसाच्या मोडमध्ये कमी, स्पोर्टमध्ये जास्त, ऑफरोडमध्ये खूपच जास्त.

मर्यादा ओलांडली की जोर कमी करायचे मार्ग तीन. एक, ठिणगी थोडी उशिरा पाडायची. दुसरा, एखाद्या फेरीत पेट्रोल किंवा ठिणगीच तोडायची. तिसरा, ज्या गाड्यांत मुठीला केबल नसून सेन्सर असतो, तिथे थ्रॉटलची झडप मोटरने थोडी मिटवायची. ठिणगीचा उपाय सगळ्यांत झटपट लागू पडतो, पुढच्या स्फोटापासूनच. झडपेचा उपाय मऊ आहे, मागून कुणी हळूच आवरल्यासारखा, पण झडपेच्या पुढे गेलेली हवा आधी संपावी लागते, त्यामुळे थोडा वेळ जातो. चांगल्या सिस्टम आधी ठिणगीने तातडीचं आवरतात आणि तोवर झडप मिटत आणून मग ठिणगी पूर्ववत करतात. तुम्ही ऐकलेलं 'फडफडणं' म्हणजे स्फोट चुकवले जात होते. इंजिनला काही झालेलं नव्हतं.

कल्पना जुनी आहे. होंडाच्या एसटी११०० वर १९९२ मध्ये अशी सिस्टम आली होती, दोन चाकांचे वेग ताडून ठिणगी उशिरा पाडणारी. पुढे रेसिंगमधून ती स्पोर्ट्स गाड्यांत उतरली. डुकाटीची २००८ ची १०९८आर हे त्यातलं ठळक नाव.

आता तुमच्या चढावर येऊ. समजा चकतीवर ४८ खाचा आहेत आणि चाकाचा घेर दोन मीटर. ताशी ७२ किलोमीटरला चाक सेकंदाला दहा वेळा फिरतं, म्हणजे ४८० ठोके, दर दोन मिलिसेकंदांना एक. सिस्टमला इतकी दाट माहिती मिळते की घसरणीची सुरुवात होता होता ती पकडते. ताशी सहा किलोमीटरला त्याच चाकाचे सेकंदाला फक्त ४० ठोके होतात, पंचवीस मिलिसेकंदांना एक. आता तिला अंधुक दिसतंय. ती उशिरा जागी होते, आणि जागी होईपर्यंत चाक बरंच फिरून गेलेलं असतं, म्हणून मग ती जोरही भरपूर काढून घेते.

त्यात तुमचं इंजिन सिंगल. ३००० आरपीएमला सेकंदाला २५ स्फोट होतात, दोन स्फोटांत ४० मिलिसेकंदांचं अंतर. चार सिलिंडरच्या गाडीत १०,००० आरपीएमला ते अंतर तीन मिलिसेकंद असतं. तिथे दहातला एखादा स्फोट चुकवला तरी स्वाराला जेमतेम जाणवतं. तुमच्या गाडीत लागोपाठ दोन स्फोट चुकवले तर मधे सेकंदाचा दहावा भाग आणि वर थोडा वेळ चाकाला जोरच मिळत नाही. चढावर, ताशी सात-आठच्या वेगाने, तेवढ्यात गाडी अडखळते. अडखळली की पुढच्या चाकाचा वेग पडतो. पुढच्याचा पडला की मागचं त्याच्या तुलनेत आणखी जोरात फिरतंय असं दिसतं, म्हणून सिस्टम आणखी जोर तोडते. दोन-तीन सेकंदांत गाडी उभी. सिस्टमने तिला दिलेल्या नियमाप्रमाणे काम चोख केलं. नियम डांबराचा होता, जमीन खडीची होती.

सुट्या खडीवर आणि वाळूत मागचं चाक जरा जास्तच फिरावं लागतं. वरचा सुटा थर उडवून टायर खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो, आणि मागे साचलेल्या ढिगाऱ्याला रेटून पुढे जातो. इथे घसरण पन्नास टक्के असली तरी गाडी पुढे सरकत असते. म्हणूनच ऑफरोड मोडमध्ये मर्यादा इतकी सैल ठेवतात, आणि म्हणूनच काही गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद करायची सोय असते.

मग दुसऱ्या खेपेला बंद करूनही तेच का झालं? तुम्ही एका वाक्यात लिहिलंय ते: 'चावी फिरवून परत चालू केली.' बहुतेक गाड्यांत चावी बंद झाली की ट्रॅक्शन कंट्रोल आपोआप पुन्हा चालू होतं. ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, कारण काल खडीवर बंद केलेलं आज सकाळी ओल्या डांबरावर कुणाच्या लक्षात राहत नाही. काही गाड्यांत लाल किल स्विचने इंजिन बंद केलं तर निवड टिकते, चावीने केलं तर जाते. तुमच्या गाडीत काय होतं ते पुस्तिकेत सापडेल. किंवा घरी उभ्या गाडीवर करून बघा: बटण दाबून बंद करा, चावी बंद, चावी चालू, आणि डॅशवर 'टीसी ऑफ'चा दिवा अजून आहे का ते पाहा. पुढच्या वेळी चढावर इंजिन बंद पडलं तर क्लच दाबून नुसत्या स्टार्टरने चालू करा, चावीला हात लावू नका. आणि निघण्याआधी डॅशवर एक नजर टाकाच. ही सवय मी स्वतःला लावून घेतली आहे, कारण अर्ध्या चढावर थांबून बटण शोधणं धोक्याचं असतं.

डॅशवरचा ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लुकलुकणं हे बिघाडाचं लक्षण नाही, हेही इथेच सांगतो. लुकलुकतो तेव्हा सिस्टम काम करत असते. गतिरोधकावरून जाताना मूठ उघडी असेल तर मागचं चाक क्षणभर हवेत उचललं जातं, मोकळं फिरतं, आणि दिवा चमकतो. पावसात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून किंवा लोखंडी झाकणावरून जातानाही तसंच. पुढचं चाक उचललं गेलं तर तेही सिस्टमला घसरणच वाटू शकतं. मेन स्टँडवर गाडी लावून गिअरमध्ये मागचं चाक फिरवलं तर पुढचं शून्य, मागचं चाळीस, असं दिसतं आणि बऱ्याच गाड्यांत एबीएस आणि ट्रॅक्शनचे दिवे लागून राहतात. चावी बंद-चालू करून थोडं चालवलं की जातात. लोक घाबरून गाडी घेऊन येतात, म्हणून लिहिलं.

लुकलुकणं वेगळं, लागून राहणं वेगळं. आणि तिसरा एक प्रकार आहे, त्यात दिवा लागून राहत नाही पण गाडी कोरड्या सपाट रस्त्यावर मधूनच हिसके देते. अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. साठच्या आसपास सरळ चालवताना मधेच ताकद जायची आणि लगेच यायची. आधी दुसरीकडे पेट्रोलचा पंप बदलून झाला होता, इंजेक्टर साफ करून झाले होते. मी स्कॅनर लावला तर एबीएसच्या मेमरीत पुढच्या चाकाच्या सिग्नलची जुनी नोंद पडून होती. दिवा लागलेला नव्हता, म्हणून ती कुणी वाचलीच नव्हती. पुढचं चाक उचलून हाताने सावकाश फिरवलं आणि चकती व सेन्सरच्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) धरलं. जवळपास सगळीकडे फट एक मिलिमीटरच्या आत होती, आणि एका ठिकाणी, तीन-चार बोटं रुंदीत, दोनच्या वर. तिथे चकतीवर पहारीच्या टोकासारखा एक बारीक ओरखडा होता. टायर बदलताना लिव्हर तिच्यावर टेकवलेली, आणि तिथेच ती किंचित वाकलेली. त्या जागी सेन्सरचे ठोके अधूनमधून गळायचे. ठोके गळले की पुढचं चाक हळू झालंय असं दिसायचं, आणि सिस्टम समजायची की मागचं घसरतंय. चकती बदलली आणि हिसके गेले. मागच्या चाकाची चकती वाकली असती तर उलटं झालं असतं: मागचं हळू दिसलं असतं आणि खरी घसरण झाली तरी सिस्टमला उशिरा कळलं असतं. म्हणून टायर बदलून आणल्यावर दोन्ही चाकं हाताने फिरवून फट डोळ्यांनी बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

टायरचाच विषय निघाला म्हणून: तुम्ही जाड खाचांचे टायर घालायचा विचार लिहिलाय. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदललं तर घसरणीच्या हिशोबाला फरक पडत नाही, कारण ठोके चाकावर मोजले जातात. टायरचा घेर बदलला तर पडतो. समजा मागे १९०/५५ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या टक्क्यांत) ऐवजी १८०/५५ घातला, तर त्रिज्या साधारण ३२० मिलिमीटरवरून ३१५ वर येते, म्हणजे काहीही न घसरता मागचं चाक दीड टक्क्याहून थोडं जास्त फिरतंय असं कायम दिसणार. बाजूवर छापलेला आकडा तोच असूनही दोन कंपन्यांच्या टायरांच्या घेरात फरक असू शकतो. एवढा फरक बऱ्याच सिस्टम सांभाळून घेतात, आणि काही गाड्यांत नव्या टायरसाठी कॅलिब्रेशनची सोय असते. पण कंपनीने दिलेल्या मापापासून लांब गेलात तर सिस्टमकडून जुन्या अपेक्षा ठेवू नका.

आता वळणाचा प्रश्न. या प्रश्नावर माझा जीव जास्त गुंततो, कारण चुकीच्या उत्तराने माणसं पडतात.

मोटारसायकलचे टायर गोल असतात. गाडी वाकली की टायर कडेवर चालतो, आणि कडेवर त्याची त्रिज्या कमी असते. मागचा टायर रुंद, म्हणून त्याची त्रिज्या जास्त घटते. १२०/७० चा पुढचा आणि १९०/५५ चा मागचा टायर घेतला आणि गाडी ४५ अंश वाकवली, तर पुढच्याची त्रिज्या ३०० वरून सुमारे २८२ वर येते आणि मागच्याची ३२० वरून सुमारे २९२ वर. दोन्ही चाकं जास्त फिरतात, पण मागचं पुढच्यापेक्षा आणखी तीन टक्के जास्त. घसरण शून्य, आणि सिस्टमला दिसते तीन टक्के. नुसते चाकांचे वेग बघणाऱ्या साध्या सिस्टमला गाडी किती वाकली आहे हेच माहीत नसतं, म्हणून तिला मर्यादेत तेवढी जागा सोडावी लागते. आणि वाकलेल्या गाडीत मागचं चाक सरकायला तेवढी जागा कधी कधी पुरते.

यावर उपाय म्हणून आयएमयू नावाची सेन्सरची डबी आली. त्या डबीत तीन दिशांचं त्वरण आणि तीन अक्षांभोवतीचं फिरणं मोजलं जातं, त्यातून गाडी किती वाकली हे काढतात. बॉशची अशी सिस्टम २०१३ मध्ये केटीएमच्या ११९० अॅडव्हेंचरवर आली आणि त्यानंतर बऱ्याच गाड्यांत ही डबी दिसू लागली. ही असली की गाडी जितकी वाकली तितकी परवानगीची घसरण आपोआप कमी करता येते. सुटलेली पकड परत आली की जोरही हळूहळू सोडला जातो, कारण सरकणारं चाक एकदम पकड धरतं तेव्हाच गाडी स्वाराला वर उडवून फेकते. तुमच्या गाडीत ही डबी आहे का, हे मला तुम्ही लिहिलेल्यावरून कळत नाही. पुस्तिकेत 'कॉर्नरिंग' असा शब्द असेल तर बहुधा आहे.

पण डबी असली तरी हिशोब बघा. गाडी ३० अंश वाकलेली ठेवायला वजनाच्या सुमारे ०.५८ पट आडवी पकड लागते. ओल्या रस्त्याची एकूण पकड ०.६ धरली, तर जोर लावायला उरते फक्त ०.१६ च्या आसपास. तुम्ही त्यापेक्षा जास्त मूठ पिळलीत तर ट्रॅक्शन कंट्रोल जोर आवरेल, आणि इथे ते खरंच उपयोगी आहे. मलाही ओल्या रस्त्यावर ते चालू असलेलंच हवं असतं. पण गाडी ३१ अंशांच्या पुढे वाकली की त्या रस्त्यावर वळण्यापुरतीही पकड उरत नाही. तेव्हा मूठ पूर्ण बंद असली तरी टायर सुटणार. वळणात जास्त वेगाने शिरलात, पुढचं चाक सुटलं, वाकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबलात, सांडलेल्या डिझेलवरून गेलात, यांपैकी कशातही इंजिनचा जोर कमी करून काही हाती लागत नाही. खालच्या गिअरला पटकन उतरताना मागचं चाक अडकल्यासारखं होतं, तेही याच्या कक्षेत येत नाही. तिथे ते चाक हळू फिरत असतं, जोरात नाही. त्यासाठी स्लिपर क्लच (चाकाकडून उलटा जोर आला की थोडा सटकणारा क्लच) किंवा इंजिन-ब्रेक नियंत्रण वेगळं लागतं.

म्हणून माझी पद्धत अशी: डांबरावर, कोरडं असो वा ओलं, चालूच. खडीच्या सपाट रस्त्यावर ऑफरोड मोड. सुट्या खडीचा किंवा वाळूचा चढ असेल तर पायथ्याशी उभं राहून बंद, मग दुसरा गिअर, फुटरेस्टवर उभं राहून वजन थोडं मागे, आणि मूठ एका जागी स्थिर. पहिल्या गिअरमध्ये सिंगल इंजिन चाक एकदम फिरवतं आणि टायर खड्डा खणत बसतो. चढ संपला, डांबर लागलं की पुन्हा चालू. उतारासाठी वेगळं काही करत नाही, तिथे मूठ जवळपास बंदच असते.

तुमच्या गाडीची खात्री करायची असेल तर त्या चढावर परत जाण्याआधी सपाट खडीवर, वीसच्या वेगाने, सिस्टम चालू ठेवून मूठ थोडी पिळा: दिवा लुकलुकायला हवा आणि इंजिन फडफडायला हवं. मग बंद करून तेच करा: दिवा न लुकलुकता चाक मोकळं फिरायला हवं. दोन्ही नीट झालं तर गाडीत दोष नाही. बंद असतानाही फडफडली, किंवा कोरड्या सपाट डांबरावर एका वेगात चालताना दिवा लुकलुकला, तर मात्र इंजिन उघडायच्या आधी एबीएसची मेमरी वाचून घ्या आणि पुढची चकती फिरवून फट बघा.